गाडीतळाचा पैसा



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’. बैलगाडीच्या आसाला वंगण द्यावे लागे आणि त्या वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असे. गाडी यात्रेला निघाली की नळ्यालाही आपोआप यात्रा घडे. आज अंगारकी चतुर्थीला गणपतीपुळ्यास जाऊन पाहा, ही म्हण उलटी झालेली दिसेल. माणूस देवाला निघतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या मोटारीलाही यात्रा घडते. फरक इतकाच की बिचारा नळा जागा मागत नसे. मोटार जागा मागते, आणि पुळ्याला नेमकी जागेचीच वाण.

‘पुळे’ हे नाव ‘पुळण’ या शब्दावरून आले असे सांगतात. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दर्या, आणि मध्ये एवढीशी पट्टी. तिच्यात देऊळ, घरे, नारळीच्या बागा, दुकाने आणि रस्ता. प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या डोंगराला घालावी लागते, कारण डोंगरच देवाचे रूप मानलेला. अशा ठिकाणी दहा गाड्या आडव्यातिडव्या लागल्या की गावाचा श्वास कोंडलाच म्हणून समजा.

मग कोकणातल्या कुठल्याही देवस्थानाच्या वाटेवर ऐकू येतो तो संवाद सुरू होतो. पावतीपुस्तक हातात घेतलेला एखादा मुलगा पुढे येतो.

“काका, गाडीची पावती घ्या.”

“अरे बाळा, देवाच्या दारात कसले पैसे मागतोस? रस्ता काय तुझ्या आजोबांचा आहे?”

“रस्त्याचे नाही काका, जागेचे.”

काका कुरकुरत पैसे देतात, किंवा न देता पुढे जाऊन कोणाच्या तरी बेड्यासमोर गाडी लावतात. दोघांपैकी खरे कोणाचे? गाडी उभी करण्याचा पैसा रास्त की गैर? आणि रास्त असेल, तर तो किती असावा आणि कोणी ठरवावा? प्रश्न दिसायला लहान आहे. पण त्याच्यामागे बराच इतिहास आहे, तो आज आपण पाहू.

वाटेचा पैसा, यात्रेचा पैसा, तळाचा पैसा

प्रवाशाकडून पैसा घेण्याच्या आपल्याकडे तीन तऱ्हा होत्या. लोक त्या एकत्र करतात आणि म्हणून घोटाळा होतो.

पहिली तऱ्हा यात्राकराची. यात्रेला आलास म्हणून दे. हा कर लोकांना नेहमीच बोचला. अकबर बादशहाने १५६३ साली हिंदूंच्या तीर्थस्थानांवरचा यात्राकर उठवला, ती गोष्ट आजही शाळेच्या पुस्तकांत मुले वाचतात. पण कर म्हणून तो संपला नाही. पंढरपुरासारख्या क्षेत्राच्या नगरपालिकेनेही पुढे यात्राकर घेतला. लाखो माणसे चार दिवसांत येणार, त्यांच्यासाठी पाणी, झाडलोट आणि पटकीचा बंदोबस्त करायचा तर पैसा हवा, अशी त्यामागची बाजू होती.

दुसरी तऱ्हा वाटेच्या पैशाची. नाक्यावरून गेलास म्हणून दे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात गाड्यांवर आणि जनावरांवर कर होता. इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी १९०१ साली जो कायदा झाला, त्यात गावाच्या हद्दीत शिरणाऱ्या गाड्यांवर टोल बसवण्याची मुभा होती.

तिसरी तऱ्हा तळाच्या पैशाची. उभा राहिलास म्हणून दे. बाजाराच्या गावी गाडीतळ असे. तिथे बैल सोडायला सावली, पाण्याला हौद किंवा विहीर, आणि रात्री राखणीला एखादा माणूस. गाडीवान तिथे उतरे आणि फी देई. त्याबद्दल तक्रार सहसा नसे, कारण पैशाच्या बदल्यात काय मिळाले ते त्याला डोळ्यांनी दिसे. बैल पाणी प्यालेला दिसे.

या तिघांतला भेद आपल्या कायद्यानेही मानला आहे. १९५८ सालचा ग्रामपंचायतींचा कायदा पाहा. त्याच्या १२४ व्या कलमात पंचायतीला कोणते कर आणि कोणत्या फिया घेता येतील याची यादी आहे. तिच्यात यात्राकर आहे, जत्रांवरचा कर आहे, बाजाराची फी आहे आणि बैलगाड्यांच्या व टांग्यांच्या अड्ड्यांवरची फीदेखील वेगळी सांगितली आहे.

मोटारीची गोष्ट मात्र निराळी झाली. मोटार एका दिवसात दहा गावे ओलांडते. प्रत्येक गाव तिला अडवून पैसा मागू लागले तर प्रवास व्हायचा कसा? म्हणून मुंबई सरकारने १९३५ साली मोटारींच्या कराचा कायदा केला, आणि त्याची जागा पुढे १९५८ च्या कायद्याने घेतली. मोटारीवरचा कर सरकार घेईल, स्थानिक संस्थांनी मोटारीवर आपला वेगळा कर किंवा टोल बसवू नये, आणि त्यांच्या नुकसानीची भरपाई सरकारने करावी, असे हे धोरण. मोठे रस्ते आणि पूल यांच्या खर्चासाठी सरकारने टोलची वाट पुढे पुन्हा उघडली, पण ती किल्ली सरकारने आपल्याच हाती ठेवली.

याचा अर्थ गावाच्या दृष्टीने काय? मोटार गावातून गेली म्हणून तिच्यावर कर लावायचा अधिकार गावाकडे उरला नाही. पण गावाच्या ताब्यातल्या जागेत ती तासन्‌तास उभी राहिली, तर त्या जागेचा मोबदला मागणे ही गोष्ट वेगळी. पावतीपुस्तकवाल्या मुलाचे म्हणणे इथे बरोबर ठरते. मात्र अट एक, की त्याने जागेचेच पैसे मागावेत. रस्त्यावर दोरी आडवी धरून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे घेतले, तर तो तळाचा पैसा राहत नाही, वाटेचा होतो.

हाच विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात मांडला. कर हा सर्वांच्या गरजेसाठी घेतला जातो, त्याच्या बदल्यात अमुक मिळेल असे नसते. फी ही मात्र सेवेबद्दल असते. पुढच्या निकालांत न्यायालयांनी पैपैचा ताळेबंद मागितला नाही, तरी फी आणि सेवा यांचे नाते तुटू नये हे सूत्र आपल्यापुढे राहिलेच. बैल पाणी प्याला पाहिजे, एवढाच त्याचा खेड्यातला अर्थ.

बोट, एस्‌टी, आगगाडी आणि मोटार

पूर्वी पुळ्याला माणसे येत ती पायी, बैलगाडीने किंवा समुद्रवाटेने. मुंबईहून किनाऱ्याने जाणारी बोट जवळच्या जयगड बंदराला लागे. बोट आपल्या वाटेने पुढे निघून जाई, तिला देवळापाशी जागा लागत नसे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस्‌टी धावली आणि पुढे ती गावोगाव पोचली. एस्‌टीदेखील माणसे उतरवून निघून जाते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आगगाडीही रत्नागिरीलाच थांबते. म्हणजे माणसे वाढत गेली, पण वाहने देवळाच्या दारात मुक्कामाला राहत नव्हती. ती राहू लागली घरोघर मोटार आल्यावर. मुंबई-गोवा महामार्गावरून निवळीला वळून, किंवा घाटावरून अंबा घाट उतरून, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, आणि प्रत्येक गाडीला देवळाजवळच जागा हवी असते.

आता थोडा हिशेब करू. गुरुजनांनी हा वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. एका मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आत शिरायला आणि वळायला वाट धरली की पंचवीस चौरस मीटर झालेच. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्यात मोटारी किती? फक्त चार. दहा गुंठ्यांत चाळीस. याच दहा गुंठ्यांत किती झाडे लागतील आणि ती किती वर्षे नारळ देतील, ते कोकणातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

एस्‌टीची बस सुमारे बारा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद धरली, तर तिला नुसती उभी राहायला तीस चौरस मीटर लागतात. तिच्यात पंचेचाळीस माणसे येतात असे समजा. मोटारीत पाच. माणशी जागा काढली, तर बसच्या प्रवाशाला मोटारवाल्याच्या जवळजवळ पाव हिस्सा जागा पुरते. तेव्हा ‘देव सर्वांचा आहे, जागा फुकट हवी’ असे जेव्हा मोटारवाला म्हणतो, तेव्हा तो बसने आलेल्या माणसाच्या चौपट देणगी गावाकडे मागत असतो. देव सर्वांचा खराच, पण जागा सर्वांना सारखी लागत नाही.

फुकट जागेचे पैसे कोणीच देत नाही असेही नाही. ते दुसरेच कोणी देत असते. दुकानाचे तोंड अडले म्हणून दुकानदार देतो. रुग्णाला घेऊन निघालेली रिक्षा अडकली म्हणून रुग्ण देतो. गाडी वाळूत घातली जाते आणि भरती आली की ती ओढून काढायला गावकऱ्यांनाच कमरेइतक्या पाण्यात उतरावे लागते. ‘फुकटचे ते पौष्टिक’ असे आपण गमतीने म्हणतो खरे, पण ते पचवायचे काम गावाकडे येते.

दर कसा ठरतो?

जगात हा प्रश्न प्रथम नीट सोडवायचा प्रयत्न झाला तो अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटी या शहरात. योगायोग असा की साल तेच, १९३५. शहराच्या मध्यभागी दुकानदार आणि कचेरीतली माणसे सकाळीच येऊन आपल्या मोटारी लावत आणि संध्याकाळपर्यंत हलवत नसत. गिऱ्हाइकाला जागाच मिळेना. कार्ल मॅगी नावाच्या वर्तमानपत्राच्या संपादकाने नाणे टाकण्याचे एक यंत्र पुढे आणले. १६ जुलै १९३५ रोजी ते रस्त्याकडेला बसले. तासाला पाच सेंट, बस्स. हेतू असा की दिवसभर जागा अडवून बसणाऱ्याने दूर जावे आणि थोड्या वेळाच्या कामाला आलेल्याला जागा व्हावी.

हेतू चांगला, पण पाच सेंटच का? दोन का नको, दहा का नको? याचे उत्तर बराच काळ अंदाजानेच दिले गेले. १९५४ साली विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने सुचवले की दर हा मागणीप्रमाणे हलता असावा. पुढे १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यानंतर डॉनल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ साली फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे सांगणे अगदी सोपे आहे. जो दर ठेवल्याने शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जागा भरतात आणि पंधरा रिकाम्या राहतात, तो योग्य दर. सगळ्या भरल्या तर दर कमी पडला. निम्म्या ओस पडल्या तर दर जास्त झाला.

सॅन फ्रॅन्सिस्को शहराने २०११ साली हे करून पाहिले. त्या शहराच्या मालकीचे अनेक मजली वाहनतळ आहेत. असे चौदा वाहनतळ आणि रस्त्याकडेच्या सुमारे सात हजार जागा प्रयोगात घेतल्या. कोठे किती गाड्या लागतात ते मोजायचे आणि ठराविक मुदतीने दर वरखाली करायचा. रस्त्याकडेला ऐंशी टक्क्यांहून जास्त जागा भरल्या तर तासाला पंचवीस सेंट वाढ, साठ टक्क्यांहून कमी भरल्या तर उतार. लोकांना वाटले, आता शहर आपल्याला लुटणार. झाले उलटे. रस्त्याकडेचा सरासरी दर २ डॉलर ६९ सेंटांवरून २ डॉलर ५८ सेंटांवर आला, आणि शहराच्या वाहनतळांतला सरासरी दर ३ डॉलर ४५ सेंटांवरून ३ डॉलर ३ सेंटांवर उतरला. गर्दीच्या जागी दर चढला खरा, पण रिकाम्या जागा महाग ठेवण्यात अर्थ नव्हता हेही मोजणीनेच उघड झाले. दर ठरवायला मोजणी हवी, हा यातला धडा.

आपल्या मुंबईचा अनुभव पाहा. तिथे बांधकामदारांना जादा बांधकामाची सवलत देऊन त्यांच्याकडून सार्वजनिक वाहनतळ बांधून घेण्याची योजना झाली. वाहनतळ महापालिकेच्या ताब्यात आले, पण त्यांतले कित्येक रिकामे राहत आणि बाहेर रस्त्याच्या कडेला गाड्यांची रीघ. रस्त्यावर फुकट जागा असताना आत जाऊन पैसे कोण देणार? अखेर ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने २६ वाहनतळांच्या आसपासच्या रस्त्यांवर बेकायदा गाडी लावल्यास पाच हजार रुपयांपासून पुढे, आणि मोठ्या वाहनाला ओढून नेण्याच्या खर्चासह व विलंबाच्या आकारासह तेवीस हजारांपर्यंत दंड जाहीर केला. बाहेरची फुकट जागा आणि आतली पैशाची जागा यांचा एकत्र विचार झाला नाही, की दंडाचा सोटा उगारावा लागतो.

पुण्यातही मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेपुढे पार्किंगचे धोरण आले. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी रात्रीचे शुल्क वगळून, आधी मोजक्याच रस्त्यांवर प्रयोग करायचा असे ठरले, आणि अंमल पुढे रेंगाळला. विरोध करणारे सगळेच हट्टी होते असे कसे म्हणावे? पैसा गोळा होऊन जाणार कोठे, हे त्यांना दिसत नव्हते. याउलट अमेरिकेतल्याच पॅसाडीना गावी १९९३ साली जुन्या पेठेत नाण्यांची यंत्रे बसवताना दुकानदारांना वचन दिले गेले की हा पैसा याच पेठेत खर्च होईल. पदपथ सुधारले, दिवे लागले, झाडलोट झाली, आणि विरोध निवला. तिथेही बैल पाणी प्याला!

पुळ्यासाठी काय घ्यावे?

आता पुन्हा आपल्या पुळणीवर येऊ. मोठ्या शहरांची यंत्रे इथे नकोत. पण त्यांतली समज घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, सर्व दिवस सारखे नसतात. अंगारकी, दिवाळीची आणि नाताळची सुट्टी, मे महिना हे दिवस एका बाजूला, आणि आषाढातला धोधो पावसाचा मंगळवार दुसऱ्या बाजूला. दोन्हींना एकच दर लावला, तर गर्दीत तो अपुरा पडतो आणि एरवी तो नुसता त्रास होतो. रिकाम्या दिवशी रिकाम्या जागेचे पैसे मागण्यात काय शोभा?

दुसरी, सर्व जागा सारख्या नसतात. देवळाजवळची जागा थोडी आणि तिथे थोडा वेळच थांबायचे, म्हणून तिथला दर तासावर आणि चढता. गावाबाहेरच्या माळावरची जागा पुष्कळ, तिथे दिवसभराचा दर आणि तोही अगदी हलका. वयोवृद्धांना आणि अपंगांना देवळाशी उतरवून गाडी माळावर न्यावी. मघाचा हिशेब इथे पुरा होतो. दहा गुंठ्यांत चाळीस गाड्या आठ तास बसून राहिल्या, तर दिवसात चाळीसच कुटुंबांची सोय झाली. त्याच दोन-दोन तासांनी हलल्या, तर एकशे साठ कुटुंबांची. वाळू वाढली नाही, डोंगर हलला नाही, तरी जागा चौपट झाली.

तिसरी गोष्ट भाद्रपदातली. पुळे आणि आसपासच्या गावांत घरोघर वेगळा गणपती न बसवता सर्वांनी पुळ्याच्या देवालाच यायचे, अशी जुनी रीत आहे. त्या दिवशी देवळाकडे येणारा माणूस पाहुणा नसतो, तो घरचा असतो. दर ठरवताना गावच्या माणसाची सोय आधी पाहावी, हे अशा रीतीकडे पाहून सुचायला हवे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती मक्त्याची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल इजाऱ्याने दिले जात. जो जास्त बोली बोलेल, त्याला वसुलीचा अधिकार. त्याने सरकारात रक्कम भरली की मग रयतेकडून किती पिळायचे ते त्याचे तो पाही. रयत नागवली गेली आणि सरकारला ती दिसेनाशी झाली. आज एखादी संस्था गाडीतळाचा लिलाव करते आणि मोठी बोली आली म्हणून खूश होते, तेव्हा हा इतिहास आठवावा. मक्तेदाराला बोलीची रक्कम वसूल करायची असते. जागा भरली की ओस पडली, म्हातारी माणसे उन्हात किती चालली, याच्याशी त्याचे नाते नसते. मक्ता द्यायचाच झाला, तर दराचा फलक मोठ्या अक्षरात लावावा, पावतीवर वेळ लिहावी, आणि दर ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेने आपल्या हातातून सोडू नये.

आणि शेवटची, हिशेबाची. गाडीतळावरच एक फळा असावा. या महिन्यात इतके रुपये आले, इतके शौचालयाच्या पाण्याला गेले, इतके कचरा उचलायला, इतके दिव्यांना. कुरकुरणाऱ्या काकांनी तो फळा वाचला, तर त्यांना वेगळे काही समजवावे लागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. गर्दीच्या एका दिवशी आणि साध्या एका दिवशी, वरच्या वर्गातील मुलांना बरोबर घेऊन सुरक्षित जागी बसा आणि तासातासाला किती गाड्या उभ्या आहेत ते वहीत मांडा. त्याचा आलेख काढा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. सॅन फ्रॅन्सिस्कोने यंत्रांनी केले ते काम पाटी-पेन्सिलीनेही होते. मुलांना गणित कळेल, नागरिकशास्त्रही कळेल, आणि पंचायतीला दर ठरवायला अंदाजापेक्षा भक्कम आधार मिळेल.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मग सोपे आहे. देवाच्या दारात पैसे कसले? दर्शनाचे नाहीत आणि वाटेचेही नाहीत. तुमच्या गाडीने जितका वेळ गावाची जागा अडवली, तितक्या वेळाचे ते आहेत. आणि ते ज्याने घेतले, त्याने तुमच्या बैलाला पाणी पाजले पाहिजे.